आधी ग्लास वर

कोणी पाण्याचा पेला हातात दिला, तर मी अजूनही तो लगेच तोंडाला लावत नाही. क्षणभर खांद्याच्या उंचीला धरते आणि मग पिते. नाशिकला राहायला आल्यावर शेजारच्या बायकांना वाटलं, सावंतबाई पाण्यात कचरा शोधतात. एकीने ते मनाला लावून घेतलं आणि पुढच्या खेपेला माझ्यादेखत पाणी गाळून दिलं. आता त्या माउलीला कसं सांगायचं, की ही इनास सरांकडून झालेली लागण आहे?

इनास सर वसईच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि मी मराठी. ते पापडीचे, जुन्या ख्रिस्ती घरातले. घरामागे केळीची वाडी, विहीर, आणि वाडीच्या टोकाला उभं राहिलं की चर्चचा मनोरा दिसायचा. मी मूळची देवगडची, लग्न करून विरारला फुलपाड्यातल्या एका सातमजली इमारतीत येऊन पडलेली. वर्गात सर अगदी पुस्तकी मराठीत मोसमी वारे समजावून सांगत. स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की जीभ सैल व्हायची, 'ण'चा 'न' व्हायचा आणि माणूस घरी आल्यासारखा दिसायचा. उंच, मानेत किंचित वाकलेले, आणि शर्टाच्या खिशात कायम काहीतरी फुगलेलं. त्या खिशाला आम्ही सगळे वचकून असायचो, कारण त्यात कविता असायची.

इनास सर कवी होते म्हटलं की लोक विचारतात, पुस्तक कोणतं? पुस्तक एकही नव्हतं. ते लग्नात टोस्ट म्हणायचे.

वसईत ख्रिस्ती लग्न लागलं, की संध्याकाळी मांडवात रिसेप्शन असतं. बँड वाजतो, केक कापला जातो, आणि मग कोणीतरी मामा, मास्तर नाहीतर गावातला वजनदार माणूस माईक हातात घेऊन नव्या जोडप्याचं गुणगान करतो. त्याचं बोलून झालं की सगळे वाइनचा ग्लास उंच करतात, 'चिअर्स' म्हणतात आणि पितात. हाच टोस्ट. अडचण एवढीच, की माईक हातात आला की मामाला नवऱ्या मुलाचं बालपण आठवतं, मग स्वतःचं आठवतं, आणि तोवर पोरंटोरं खुर्च्यांवर आडवी झालेली असतात. ही शिक्षा वसईकरांनी पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे सोसली. इनास सरांनी त्यात एकच फेरफार केला. त्यांनी क्रम उलटा केला. माईक हातात आला की ते पहिलं वाक्य म्हणायचे, "आधी ग्लास वर!" अख्खा मांडव उभा राहायचा, शे-दोनशे हात वर जायचे आणि मग कविता सुरू व्हायची. म्हणजे हात दुखायच्या आत ती संपलीच पाहिजे.

मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तो आमच्या ग्रंथपालांच्या मुलाच्या लग्नात. हातात ग्लास, समोर इनास सर, आणि मनात एकच विचार, हे गृहस्थ आता किती वेळ उभं करणार? त्यांनी जी कविता म्हटली ती त्यांच्या घरच्या बोलीत होती. मला आठवते ती अशी, शब्द थोडे माझ्या मराठीत आले असतील:

दोन घरांची एक विहीर,
एकच दोर, दोन बादल्या.
एक भरून वर येते
तेव्हा दुसरी खाली जाते.
भांडू नका, वर कोण म्हणून.
पानी दोघांचंच हाय.

संपली. मी पुढची ओळ येईल म्हणून थांबले होते, तर लोक 'चिअर्स' म्हणून पीतसुद्धा होते. मांडवातल्या एका म्हाताऱ्याने नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "ऐकलास ना? बादली हो, दोर नको होऊस."

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, कविता छान होती. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी जणू नकाशावर अरबी समुद्र पूर्वेला दाखवला होता. "छान सोडा बाई. तुमचा हात कुटं वाकला ते सांगा."

तेव्हा कळलं, की म्हणत असताना ते लोकांच्या तोंडाकडे बघतच नसत. हातांकडे बघत. "तोंडाला सवय असते," ते म्हणायचे. "लग्नातलं तोंड हसनारच. पन हात खोटं नाय बोलत. कंटाळला की खाली येतो." ज्या ओळीवर मांडवातलं पहिलं कोपर वाकलं, ती ओळ घरी जाऊन उडवायची, ही त्यांची रीत होती. विहिरीची ती कविता म्हणे सुरुवातीला बरीच लांब होती. आठ-दहा लग्नांत वऱ्हाडाने तिची कापाकापी केली आणि सहा ओळी उरल्या. मी त्यांना एकदा छंद, वृत्तं, मात्रा यांवर चार शब्द ऐकवले, मराठीची शिक्षिका ना शेवटी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे मात्रा, माज्याकडे मनगट."

या मनगटाचं त्यांनी पुढे शास्त्रच केलं. भांडं बदललं की कविता बदलते, असा सिद्धान्त. वाइनचा ग्लास हलका, त्याला सहा ओळी. पाण्याने भरलेला स्टीलचा पेला जड, त्याला चार. आचोळ्याच्या एका सोसायटीने त्यांना कोजागिरीला बोलावलं, तिथे मसाला दूध. गरम दुधाला तीन. स्टाफरूमच्या चहाला दोनच, कारण कप पोळतो. मधल्या सुट्टीत ते दाराशी उभे राहून "आधी कप वर!" म्हणायचे आणि आम्ही सगळे, प्राचार्यबाईंसकट, यड्यासारखे कप धरून उभे. त्यातली एक चहाची कविता मी विसरलेली नाही:

कप पोळतो तोवर बोल,
निवल्यावर सगळेच बोलतात.

एक प्रयोग मात्र साफ फसला. माझ्या कपाखाली त्यांनी गोल कापलेली एक चिठ्ठी ठेवली होती. "उचलला की वाचायचं," म्हणाले, "मी तोंड उगडनारच नाय. ग्लास वर आनि कविता खाली." मी कप उचलला तर चहाच्या ओघळाने शाई पसरून निळा डाग झालेला. सरांनी चिठ्ठी उजेडात धरून पाहिली. "अरबी समुद्र झाला की हो," ते म्हणाले, आणि ती खिशात टाकून तासाला निघून गेले.

विरारच्या एका साहित्यमंडळात मी त्यांना घेऊन गेले होते. हौस माझीच. तिथे त्यांनी श्रोत्यांना पाण्याच्या बाटल्या उचलायला लावल्या. नंतर अध्यक्ष बोलायला उठले आणि म्हणाले, "ही कविता नव्हे, कवायत आहे." सभागृह हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र परतताना रिक्षात अगदी खुशीत होते. आठवड्याभरात त्यांनी पत्रक छापलं, वर ठळक अक्षरांत: 'कविता नव्हे, कवायत!' आणि खाली त्या अध्यक्षांचं नाव. गृहस्थांनी फोन करून आरडाओरडा केला, तर सर म्हणाले, "तुमच्याएवढी चांगली ओळ मना सुचली नसती."

आता प्रसिद्धीचं सांगायलाच हवं. कवी लाजाळू असतो, अशी माझी समजूत होती. इनास सरांनी ती धुवून काढली. "बाई, प्रमोशन म्हंजे काय? दार वाजवनं. उगडायचं की नाय ते घरवाल्यानं ठरवायचं," असं त्यांचं म्हणणं, आणि दारं वाजवण्यात त्यांनी काही बाकी ठेवलं नाही. केळीच्या वाडीत मोबाइल एका खांबाला बांधून ते रील करायचे. आमच्या इमारतीत सत्यनारायणाला आले, तेव्हा प्रसाद घ्यायच्या आधी त्यांचं लक्ष लिफ्टकडे गेलं. सेक्रेटरींची परवानगी काढून त्यांनी प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दारासमोरच्या भिंतीवर एकेक ओळ चिकटवली. लिफ्टला जाळीचं दार होतं, वर जाताना ओळी एकामागून एक दिसायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू दोन दिवस तगमगल्या आणि तिसऱ्या दिवशी भाजीच्या पिशवीसकट सातव्या मजल्यावर येऊन माझी बेल वाजवली. "काही काम नाही हो. शेवट वाचायला आले होते." हे सरांना सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मग आले क्यूआर कोडचे गोल स्टिकर. मोबाइलने स्कॅन केला की सरांच्या आवाजातली कविता सुरू. हे त्यांनी पापडीच्या बाजारात चिकटवले. एके सकाळी मी पालक घेत होते आणि शेजारी एक नवी, कुठल्यातरी टॉवरमधली बाई शेवग्याच्या शेंगा घेऊन पैसे द्यायला मोबाइल पुढे करत होती. स्टिकर होते दोन, तिने नेमका चुकीचा पकडला. फोनमधून भर बाजारात आवाज आला, "आधी ग्लास वर!" आणि त्या बाईने दचकून शेंगांची जुडी वर केली.

भाजीवाली फिलूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "इनासमास्तर परत चिकटवून गेला वाटतं. मेल्या, माजी भाजी ऱ्हायली आनि तुजी कविता खपली!" पण तिने तो स्टिकर काढला नाही, हेही सांगायला हवं. नंतर मी विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दुपारला गिऱ्हाईक नसते, तवा मीच लावते."

हे सगळं हसण्यावारी जात होतं. पण एक दार त्यांनी असं वाजवलं, की ते बरीच वर्षं पुन्हा उघडलं नाही.

त्यांना गावात स्वतःच्या कवितांचा कार्यक्रम करायचा होता. लग्न नाही, केक नाही, नुसती कविता. आदल्या खेपेला 'कविता वाचन' असा बोर्ड लावला, तर मोजकी घरची माणसं आली होती. म्हणून या वेळी त्यांनी शक्कल लढवली. "कविता हा शब्द टाकला की लोक येत नाय," त्यांनी मला सांगितलं, "तर तो शब्दच काढून टाकला." पोस्टर तयार झालं. वर त्यांचा सुटातला, जुना, कृष्णधवल फोटो. खाली पूर्ण नाव. त्याखाली 'रविवारी दुपारी साडेचार वाजता. चर्चचा हॉल. सर्वांनी उपस्थित राहावे.' हे त्यांनी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं आणि समाधानाने मोसमी वारे शिकवायला गेले.

त्या ग्रुपवर असा फोटो एकाच कारणाने येतो. कोणी गेलं, की सुटातला फोटो, नाव, अंत्यविधीची वेळ आणि चर्च. पाचच मिनिटांत हात जोडलेली चिन्हं सुरू झाली. कोणी लिहिलं, 'देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो.' कोणी लिहिलं, 'कालच तर वाडीत बोललो होतो.' सरांनी तास संपल्यावर फोन उघडला आणि घाईघाईने लिहिलं, 'मी जिवंत हाय, कार्यक्रम हाय.' पण ते शेकडो शोकसंदेशांच्या खाली गेलं. तोवर बातमी ग्रुपबाहेर पडून नातेवाइकांत पोचली होती. रविवारी हॉल गच्च भरला. निम्मे लोक मजा बघायला आले होते आणि निम्मे खरोखरच काळे कपडे घालून, पुष्पचक्रं घेऊन. सर दाराशी उभे राहून स्वागत करत होते. गास गावाहून आलेल्या त्यांच्या मावशीने त्यांना पाहिलं, आधी छातीवर क्रूस केला, मग छत्रीने त्यांना दोन ठेवून दिल्या, आणि मग पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत म्हणाली, "आता आलेच हाय तर म्हन काय ते."

आम्ही सगळे हसून हसून बेजार झालो. सोमवारी सर स्टाफरूममध्ये आले तेव्हाही मी तोंड उघडलं ते चेष्टा करायलाच. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"रोशेलला पन तो मेसेज गेला," ते म्हणाले.

रोशेल त्यांची एकुलती मुलगी. तेव्हा पुण्याला नोकरीला होती. तिला कोणीतरी ते पोस्टर पाठवलं, वर 'सो सॉरी डिअर' लिहून. तिने बापाला फोन लावला, तो लागेना, कारण अख्खी वसई त्याच वेळी तोच नंबर लावत होती. आईचा लागेना, त्याच कारणाने. ती होती त्या कपड्यांनिशी बसमध्ये बसली. पापडीला पोचली तेव्हा बापूस वाडीत मोबाइल खांबाला बांधून रील करत होता. ओट्याच्या पायरीवर बसली आणि पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, एवढंच. मार्थाबाई, म्हणजे सरांची बायको, आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण आठवडा संपल्यावर बोलल्या. रोशेलने कवितेचा विषयच बंद केला. फोनवर हवापाणी, तब्येत, केळी, सगळं बोलायची. सरांनी "एक नवीन केलीय" म्हटलं, की म्हणायची, "पप्पा, मीटिंग आहे."

यात सरांना काय लागलं होतं, ते मला उशिरा उमगलं. रोशेल त्यांची पहिली श्रोती होती. ती पाच-सहा वर्षांची असल्यापासून प्रत्येक कविता आधी तिच्यावर आजमावली जायची. स्वयंपाकघरात तिला उभं करायचं, हातात पाण्याचा पेला द्यायचा, "आधी ग्लास वर, बाय" म्हणायचं आणि सुरू करायचं. पोर अर्ध्यातच हात खाली करून पळायची. "मांडवात शंभर हात वर ऱ्हातात बाई," एकदा ते म्हणाले, तेव्हा आम्ही दोघंच स्टाफरूममध्ये पेपर तपासत होतो. "पन रोशेलचा हात शेवटपर्यंत कदी ऱ्हायला नाय. एकपन कविता तिनं पुरी ऐकली नाय." लाल पेनाचं टोपण लावून त्यांनी पेपर बाजूला सरकवले. त्यांची बाकीची सगळी हौस मला तेव्हा त्या एका हातापुढे फिकी वाटली.

काही वर्षं गेली. रोशेलचं लग्न ठरलं, मुलगा वांद्र्याचा, डॅरिल नावाचा. लग्नाला महिना असेल, मी सुकेळी आणायला पापडीला गेले होते. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, मार्थाबाईंच्या हातची फार मऊ असत. ओट्यावर रोशेल आमंत्रणांवर नावं घालत बसली होती. मला बघताच म्हणाली, "बरं झालं मॅडम आलात. तुम्हीच सांगा यांना. टोस्ट डॅरिलचे अंकल करणार आहेत. ठरलंय ते."

"मी कुटं काय म्हनतो?" सर म्हणाले.

"म्हणत नाही, पण खिशात काहीतरी आहे."

सरांचा हात खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला.

मला वाटलं होतं ती त्या पोस्टरचं काढेल. तिने काढलं नाही. नावं घालता घालता, जरा हसत, माझ्याकडे बघूनच बोलत राहिली. "लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी पाणी असं उभं राहून पितात. मी काय ऐकणार होते मॅडम? माझा सगळा जीव त्या पेल्यात. सांडलं तर मम्मी ओरडणार. आणि पप्पा बघणार कुठे, तर हाताकडे. कधी माझ्या तोंडाकडे बघून एक कविता म्हटलीय का, विचारा ना." मग ती थांबली आणि हसू गेलं. "एक दिवस, पप्पा. फक्त एक दिवस मला कोणी बघू नका, की माझा हात वर आहे की खाली."

मार्थाबाई सुकेळीचं पुडकं बांधत होत्या, त्यांनी दोरी तोडली.

"नाय बोलनार," सर म्हणाले. "तोंडातून एक शब्द नाय काडनार. चालंल?"

"चालेल," रोशेल म्हणाली. नंतर अगदी हळू, "थँक्यू, पप्पा."

ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, तर म्हणाले, "तिचं बराबर हाय बाई. बत्तीस वर्सं नकाशे शिकवले, आनि मीच चुकीच्या ठिकानी बघत होतो." आणि मग एकदम विचारलं, "लॅमिनेशन करतो तो झेरॉक्सवाला, स्टेशनजवळचा, तो गोल कापून देतो काय हो?" मला वाटलं, नकाशांचं काहीतरी असेल. देत असेल, म्हटलं.

लग्न उन्हाळ्याच्या सुट्टीत झालं, आणि कॉलेज उघडायच्या आतच आम्ही फुलपाड्याचं घर सोडून नाशिकला आलो. सरही त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले. अजून फोन असतात, त्यांच्या आवाजातले मेसेज येतात, आणि मी चहाचा कप धरूनच ते ऐकते. पण त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते त्या मांडवातच शेवटचं.

पापडीतलंच मैदान होतं. सर नव्या सुटात, आणि पहिल्यांदाच त्यांचा खिसा सपाट. लोक येऊन त्यांना विचारत होते, "मास्तर, आज कंची?" आणि सर ओठांवर बोट ठेवून हसत होते. काहींना वाटलं, हीसुद्धा एक नवीन कवायत असेल. स्टेजवर नवरा-नवरीसमोर छोटं टेबल होतं, त्यावर केक आणि दोन ग्लास. ते ग्लास मार्थाबाईंनी वेटरच्या हातातून घेऊन स्वतः मांडले, एवढं मी पाहिलं होतं.

डॅरिलच्या अंकलनी माईक घेतला. माणूस भला होता, इंग्लिश छान होतं. त्यांना डॅरिलचं बालपण आठवलं, मग स्वतःचं आठवलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचं पोर झोपी गेलं. मी सरांकडे बघत होते. ते स्टेजच्या खाली, डाव्या बाजूला, मार्थाबाईंच्या शेजारी उभे होते आणि ओठ घट्ट मिटलेले होते. शेवटी एकदाचं अंकलनी सगळ्यांना ग्लास उचलायला सांगितलं. सगळा मांडव उभा राहिला. रोशेलने आपला ग्लास उचलला.

ग्लास होता तिथे एक गोल चकती होती. तळहाताएवढी, चकचकीत, लॅमिनेट केलेली. या वेळी शाई पसरायची सोय नव्हती.

रोशेलने मान खाली घातली. अंकलनी 'चिअर्स' म्हटलं, मांडव 'चिअर्स' म्हणाला, डॅरिलने घोट घेतला, लोक बसायला लागले, खुर्च्यांचा खडखडाट झाला. ती वाचत होती. त्या चकतीवर काय होतं, ते मला आजही माहीत नाही. मी फोनवर दोनदा विचारलं, तर सर म्हणाले, "ती तिची हाय." वाचून झालं असणार, कारण चकतीवर मावून मावून किती मावणार? पण ती पुन्हा वरून वाचायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यासकट ती मध्येच खुदकन हसली. डॅरिल वाकून काहीतरी विचारत होता, ते तिला ऐकू गेलं नाही. बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं. आणि एवढं सगळं होईपर्यंत तिचा उजवा हात, ग्लास धरलेला, जिथे होता तिथेच वर होता. सबंध मांडवात तो एकच.

मला राहवेना. मी खुर्च्यांमधून वाट काढत सरांपाशी गेले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते समोर घडत होतं, आणि ते त्यांनी पाहिलं की नाही याची मला खात्री नव्हती, कारण ते हाताकडे बघतच नव्हते. मान वर करून, डोळ्याची पापणी न हलवता, लेकीच्या तोंडाकडे बघत होते.

"सर," मी त्यांच्या कोपराला हात लावला. "हात बघा ना तिचा. अजून वर आहे."

"हात?" ते दचकले. मग त्यांनी पाहिलं. क्षणभर पाहिलं, आणि कावरेबावरे होऊन बँडवाल्यांकडे, अंकलकडे, जो दिसेल त्याच्याकडे वळून म्हणाले, "अरे, चिअर्स म्हना रे कोनीतरी परत. पोरीचा हात दुखंल."